पुन्हा सापडलेली

पहाटे पाचला सँडहिल्समध्ये गवत ओलं असतं,
जीन्स गुडघ्यापर्यंत जड होते,
आणि व्हर्लिन होलुबेक पिकअपच्या खिडकीतून
रोजचंच विचारतो,
"काय, आज किती उंदरांनी श्रीमंत झालो?"

जमीन त्याची, गायी त्याच्या.
डब्या आमच्या: ॲल्युमिनियमच्या शंभर, दहा ओळींत,
प्रत्येकीत चिमूटभर ओट्स, पीनट बटर, कापसाचा बोळा.
आत कुणी असेल तर उचलताना
डबी हातात किंचित कलते.

पहिल्या ओळीत हरणउंदीर. मादी, एकोणीस ग्रॅम.
कानात बिल्ला आहेच: तीनशे बारा.
ही रोज येते.
तिला ओट्स आवडतात, मी चालते.

चौथीत टोळखाऊ.
पिशवीतून सोडला तर पळाला नाही.
मागच्या पायांवर उभा राहिला, नाक आभाळाकडे,
आणि लांडग्यासारखी हाळी दिली,
शिट्टीएवढी बारीक.
चार मैलांत ऐकायला आम्ही दोघंच,
तरी त्याने ती पूर्ण केली.

सहाव्या ओळीत कापूस कमी पडला होता.
रात्री पारा चारवर उतरलेला.
तळहातावर घेतला, फुंकर घातली,
शर्टाच्या आत धरून पुढच्या वीस डब्या तपासल्या.
तक्त्यात याच्यासाठी रकाना आहे, एका अक्षराचा.
"मृ" लिहिलं.
कापूस कुणी भरला होता,
हे लिहायला रकाना नाही.

उन्हं वर आली तेव्हा पत्र्याच्या बुटक्या कुंपणाशी,
वाळूत पुरलेल्या बादलीत,
वर वळलेल्या नाकाचा साप.
आधी फुस्कारला, मान पोळीसारखी पसरली,
आम्ही बधत नाही म्हटल्यावर मेला.
उताणा. जीभ बाहेर. वासही मेल्याचाच.
बाहेर काढून पालथा केला तर परत उताणा.
पुन्हा पालथा, पुन्हा उताणा.
"मेलेल्याला एवढा हट्ट?" म्हणत व्हर्लिन हसला.
मार्चनंतर मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

आणि मग ती,
पवनचक्कीच्या टाक्याशी, तुतीखाली,
तोंड जांभळंभोर.
आम्हाला पाहताच कासवाने दार लावून घेतलं.
कवचाच्या कडेला कानशीने घातलेल्या खाचा:
डावीकडे तिसरी, उजवीकडे आठवी.
आमच्या यादीत हा क्रमांकच नव्हता.

"थांब इथंच," व्हर्लिन म्हणाला.
धुरळा उडवत घरी गेला,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला.
आत आर्डिथच्या वह्या.
उन्हाळ्याच्या सुटीत शाळेतली पोरं गोळा करून
ती गवतात काय करते,
हे त्याने कधी विचारलं नव्हतं म्हणे.

त्याने पान शोधलं, पण वही माझ्याकडे दिली.
मी वाचलं:
"जुलै ९४. मादी. टाक्याजवळ. ३४० ग्रॅम.
तुती खाते, तोंड बघण्यासारखं.
व्ही. म्हणतो, कासवं मोजून गवत वाढत नाही."

"मी असं म्हटलं होतं?"

वारा, पवनचक्कीची कुरकुर.
तराजूचा आकडा त्यानेच धरला, हात बराच वेळ स्थिर ठेवून.
तीनशे बावन्न.
"बारा ग्रॅम," तो म्हणाला. "सत्तावीस वर्षांत.
तुतीचेच असणार. आज सकाळचेच."

मग पेन मागितलं.
तिच्या ओळीखाली जागा होती, तिथं तारीख घातली,
वजन घातलं, "पुन्हा सापडली" लिहिलं,
आणि "कुणी पाहिली" या खाली
पूर्ण नाव लिहिता लिहिता थांबून
फक्त "व्ही."

तिने काही दार उघडलं नाही.
चार बादल्या उरल्या होत्या, त्यांच्यावर ऊन येत होतं,
मी निघाले. तो टोपीची सावली तिच्यावर धरून
उकिडवा बसून राहिला.

कुंपणाशी साप नव्हता.
वाळूत त्याच्या मरणाचा ठसा तेवढा,
आणि तिथून निघालेली एक वळणावळणाची रेघ,
थेट उंच गवतात गेलेली.